डोळ्याचे डॉक्टर

पाथर्डीच्या सरकारी दवाखान्यात डोळे तपासायला जे बसत, त्यांना आमच्याकडे सगळे ‘डोळ्याचे डॉक्टर’ म्हणायचे. कागदोपत्री ते नेत्रचिकित्सा अधिकारी. ऑपरेशन करणं त्यांच्या कामात नव्हतं आणि तसा आव त्यांनी कधी आणलाही नाही. चष्म्याचा नंबर काढायचा, मोतीबिंदूची माणसं हेरून ऑपरेशनला नगरला धाडायची आणि परत आली की त्यांच्यावर लक्ष ठेवायचं, एवढंच त्यांचं काम. माझ्या आईचा उजवा डोळा आज शाबूत आहे, तो या एवढ्याशा कामामुळे. त्यांचं नाव इथे घालत नाही. घातलेलं त्यांना आवडणार नाही.

मोतीबिंदूचं ऑपरेशन आमच्या घरात नवं नव्हतं. आजोबांचं झालं ते शिबिरात, शाळेच्या खोलीत. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून त्यांना निजवलं होतं आणि मान हलवायची नाही अशी ताकीद होती. डोळ्यातलं भिंग काढायचे, पण त्या जागी दुसरं बसवत नसत. मग जन्मभर दहा नंबरचा जाड चष्मा. लंडनच्या हॅरोल्ड रिडले या डॉक्टरनं 1949 सालीच पहिलं कृत्रिम भिंग बसवलं होतं. महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या प्लास्टिक काचेचे कण गेले होते आणि डोळ्याने ते निमूट सोसले होते, हे पाहून त्याला ते सुचलं. पण ते भिंग आमच्यासारख्यांच्या डोळ्यांपर्यंत यायला चाळीस-पन्नास वर्षं गेली. 1994 नंतर जागतिक बँकेच्या मदतीनं महाराष्ट्रासह सात राज्यांत मोतीबिंदूचा मोठा प्रकल्प चालला, तेव्हा कुठे शाळेतली शिबिरं मागे पडून माणसं ऑपरेशन थिएटरात जाऊ लागली.

आमचे डोळ्याचे डॉक्टर त्या बदलाच्या काळातले. ‘मोतीबिंदू अजून पिकू द्या’ असं कोणी म्हटलं की ते चिडायचे. फार पिकलेला मोतीबिंदू कडक होतो, काढायला अवघड जातो आणि मग नको ते प्रकार होतात, असं समजावून सांगायचे. म्हाताऱ्या पुरुषांना हटकून विचारायचे, “बाबा, लघवीच्या गोळ्या चालू आहेत का?” लोक हसायचे. डोळ्याचा आणि लघवीचा काय संबंध? संबंध आहे. प्रोस्टेटसाठी देतात त्यातल्या टॅमसुलोसिनसारख्या गोळीनं बाहुलीभोवतीचा पडदा ढिला पडतो आणि ऐन ऑपरेशनमध्ये फडफडतो. ही गोष्ट डॉक्टरांच्या जगात 2005 साली पुढे आली. सर्जनला आधी माहीत असेल तर तो तयारीत राहतो. म्हणून ते चिठ्ठीवर लाल पेनानं गोळीचं नाव लिहून द्यायचे.

आईचं ऑपरेशन नगरच्या एका दवाखान्यात झालं, सुरळीत झालं. पट्टी काढल्यावर तिनं समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरची तारीख वाचून दाखवली. घरी आली, काळा चष्मा लावून ओट्यावर बसू लागली. आणि रंगपंचमीच्या दिवशी सकाळी म्हणाली, “डोळा ठणकतोय रे. आणि काल दिसत होतं ते आज धुरकट दिसतंय.”

शेजारपाजारचे म्हणाले, वारं लागलं असेल, धूळ गेली असेल, दोन दिवस बघा. मी तिला मोटारसायकलवर घेऊन पाथर्डी गाठली. डोळ्याच्या डॉक्टरांनी रांगेतल्या माणसांना थांबवून तिला आत घेतलं. बॅटरीच्या उजेडात पापणी वर केली.

“आजी, ही बोटं किती?”

“बोटं कुठली, साहेब? हात हलतोय तेवढं कळतंय.”

त्यांनी मला जवळ बोलावून दाखवलं. डोळा लालबुंद, आणि बुबुळाच्या तळाशी एक बारीक पांढरी रेघ. “हा पू आहे. इन्फेक्शन आत गेलंय. चहालासुद्धा थांबायचं नाही, असंच नगरला निघायचं.” माझ्यादेखत त्यांनी आईचं ऑपरेशन करणाऱ्या सर्जनला फोन लावला: “पेशंट नुसता तपासायला येत नाहीये, डोळ्यात इंजेक्शन द्यायच्या तयारीनं थांबा.”

पण रंगपंचमी म्हणजे मढीच्या कानिफनाथांच्या यात्रेचा मोठा दिवस. निवडुंग्याच्या फाट्यावर काठ्या, निशाणं, जीपगाड्या, पायी चाललेली माणसं, रस्ता तुंबलेला. दुसरा फोन त्यांनी तिथं बंदोबस्ताला असलेल्या हवालदाराला केला. त्याच्या आईचा चष्मा त्यांनीच काढून दिला होता. मोटारसायकल पाथर्डीतच ठेवून आम्ही जीप केली होती, ती त्या हवालदारानं गर्दीतून काढून दिली. तिसगाव मागे पडलं, करंजीचा घाट ओलांडला, तोवर आई कण्हायचीही थांबली होती. मला तीच भीती जास्त वाटली.

सर्जन दारात उभे होते. त्यांनी डोळ्यातला द्रव तपासणीसाठी काढून घेतला आणि व्हॅन्कोमायसिन व सेफ्टाझिडीम ही दोन प्रतिजैविकं, प्रत्येकी एक दशांश मिलिलिटर, थेट डोळ्याच्या आत सोडली. हात हलताना दिसतोय एवढी नजर उरली असेल तर आधी इंजेक्शन देऊन बघतात. नुसता उजेडच कळत असेल तर आतली जेली काढण्याचं मोठं ऑपरेशन लगेच करावं लागतं. 1995 साली अमेरिकेत झालेल्या एका मोठ्या अभ्यासातून ही रीत ठरली. म्हणजे एखादा दिवस आणखी वाट बघितली असती, तर आई कदाचित या रेषेच्या पलीकडे गेली असती.

या सर्जनचंही देणं आहे. हे इन्फेक्शन हजारात एखाद्याला होतं आणि बरेचदा ते जंतू पेशंटच्याच पापण्यांवरचे असतात. एवढं सांगून त्यांना हात झटकता आले असते. ते म्हणाले, “चूक कुठे झाली हे मला अजून सापडलेलं नाही. पण शोधतोय.” आईच्या ऑपरेशनच्या दिवशी ज्यांची ज्यांची ऑपरेशनं झाली त्या प्रत्येकाला त्यांनी रात्रीच्या रात्री फोन करून डोळा दुखतो का विचारलं. तपासणीचे रिपोर्ट येईपर्यंत थिएटर बंद ठेवलं. ऑपरेशन चांगलं झाल्यावर सगळेच डॉक्टर चांगले असतात. बिघडल्यावर पेशंटसमोर उभा राहतो तो माझ्या लेखी खरा डॉक्टर.

पुढचे दिवस तासातासाला थेंब घालण्यात गेले. ते काम बायकोनं केलं, रात्रीचा गजर लावून. ठणका आधी गेला, पांढरी रेघ नंतर, नजर सगळ्यात शेवटी आणि पूर्ण नाही. पोथीची मोठी अक्षरं तिला चष्म्यानं वाचता येतात, औषधाच्या बाटलीवरची बारीक नाही. तांदळातले खडे ती माझ्यापेक्षा लवकर वेचते.

पुढे कधीतरी पुन्हा धूसर दिसायला लागलं तेव्हा घर हादरलं होतं. डोळ्याचे डॉक्टर हसले. “आजी, मोतीबिंदू परत येत नाही. भिंग ज्या पिशवीत बसवलंय तिच्यावर जाळी आलीय.” लेझरनं काही मिनिटांत ती साफ झाली, चिरफाड नाही.

आईनं त्यांच्याकडे बाजरीचं पोतं पाठवलं, ते परत आलं. तूरडाळ परत आली. शेवटी ती स्वतः गेली आणि काय देऊ म्हणून अडून बसली. त्यांनी सांगितलं, “गावात कोणाचंही ऑपरेशन झालं की तुम्ही त्याच्या घरी जाऊन एकदा विचारायचं, दुखतंय का, म्हणून.” ते निवृत्त झाले, पण आईचं विचारणं सुरू आहे. काठी टेकत जाते, आणि समोरचा ‘थोडं दुखतंय’ म्हणाला की त्याच्या पोराला तिथल्या तिथे गाडी काढायला लावते.

तिला तुमच्या घरापर्यंत येता येणार नाही, म्हणून तिचा निरोप मी लिहितो. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डोळा ठणकू लागला, जास्त लाल झाला, चिपडं वाढली किंवा काल दिसत होतं ते आज कमी दिसलं, तर पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट बघू नका, दुकानातून थेंब आणून घालू नका. ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांच्याकडे त्याच दिवशी जा. ते भेटले नाहीत तर जवळच्या सरकारी दवाखान्यात डोळे तपासणाऱ्या माणसाला गाठा.