सरस की गोंद?

नाशिकच्या रविवार कारंजाजवळ राहणाऱ्या एका कापड-व्यापाऱ्याच्या घरी नातीसाठी जुना उभा पियानो आला, तेव्हा थोडी साफसफाई पुरेल, अशी सर्वांची समजूत होती. मुंबईहून आलेल्या वृद्ध कारागिरांनी मात्र आतील यंत्रणा टेबलावर काढून ठेवली आणि ८८ हातोड्यांवर तारांनी पाडलेले खोल चरे दाखविले. लोकरीचा नमदा दगडासारखा झाला होता. हातोड्या नव्याच बसवाव्या लागणार होत्या.

आजींनी एकच प्रश्न विचारला, "हे डोके काडीला चिकटवता कशाने?"

"सरसाने. जनावरांच्या कातडीचा असतो. जुनी रीत आहे, आजी."

लोकरीविषयी आजींचा आक्षेप नव्हता. साधू-साध्वींचा ओघाही लोकरीचाच असतो. तसा नमदा पियानोत उशिराच आला. १७०० च्या सुमारास फ्लॉरेन्सच्या क्रिस्तोफोरीने हे वाद्य घडविले, तेव्हा हातोडीवर कातडे असे. नमदा पॅरिसच्या पापने १८२६ मध्ये आणला. सरस मात्र आजींना पटेना. मुलगा म्हणाला, "जुन्या सांध्यांत सरस आहेच की." त्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, "ते आपल्या निमित्ताने झाले नाही. करणे नको, तसे करवणेही नको." व्यवहारात मुरलेल्या मुलापाशी याला उत्तर नव्हते.

कारागिरांची अडचणही खोटी नव्हती. गरम सरस चटकन पकड घेतो आणि पुढे कधी हातोडी काढायची झाल्यास वाफेने सुटतो. पांढरा गोंद बराच वेळ ओला राहतो. तोवर डोके किंचित कलते. खर्जात एका हातोडीला एक किंवा दोन तारा असतात, पुढे तीन. तिन्हींवर ती एकाच क्षणी पडली नाही, तर स्वर विस्कटतो. कारागिरीच्या दृष्टीने सरसच सोयीचा, हे मान्य करावे लागते.

"दोन दिवसांचे काम तीन दिवसांवर जाईल, शेठ. मजुरी वाढेल."

शेठनी आईकडे पाहिले आणि होकार दिला.

काड्या तारांकडे सरळ जातात की तिरप्या, हे आधी तपासले गेले. तिरपीच्या बिजागरीखाली कागदाची बारीक पट्टी बसली. मग प्रत्येक विभागाची पहिली व शेवटची हातोडी जुन्या मापाने चिकटवून त्यांच्यामध्ये दोरा ताणला. मधली प्रत्येक हातोडी त्या दोऱ्याशी जुळवायची, शेजारणीला घासू द्यायची नाही, आणि गोंद सुकेपर्यंत मागच्या दहा-बारांकडे पुन्हा पुन्हा वळून पाहायचे. ताळेबंद जुळेपर्यंत चोपडी न मिटणारे शेठ दुकान सोडून तासभर तेथेच बसले.

तिसऱ्या दिवशी सूर्यास्तापूर्वी शेवटची हातोडी बसली. कारागीर घरच्यांबरोबरच जेवले आणि सकाळपर्यंत पट्टीला हात लावू नका, असे बजावून गेले. सकाळी वरच्या सप्तकातील एक हातोडी दोनच तारांवर पडताना आढळली. स्पिरिटच्या दिव्यावर काडीला ऊब देऊन त्यांनी ती केसभर वळविली.

नात शाळेत गेली होती. पट्टी आजींनीच दाबली, दोनदा.