हजेरीतलं गळालेलं नाव

मित्रांनो, तुमच्या वर्गात असं कधी होतं का? बाई हजेरी घेतात, एक नाव येतं आणि कोणीच 'हजर' म्हणत नाही. पहिले दोन-चार दिवस सगळे मागे वळून बघतात. मग कोणी बघत नाही. पुढे ते नाव हजेरीतूनच गळून जातं.

२००८ साली दिवाळीनंतर एका वर्गातलं असं नाव माझं होतं.

तेव्हा मी नववीत होतो. आम्ही मुकुंदवाडीत राहायचो. आपल्या छत्रपती संभाजीनगरला त्या वेळी औरंगाबाद म्हणत. वडील गवंडीकाम करायचे. परातीवरून पडून त्यांचा पाय मोडला आणि मी जालना रोडवरच्या एका गॅरेजमध्ये पाने उचलून द्यायला लागलो. म्हटलं, दोनच महिने! दोनाचे आठ झाले. शाळा एकदम सुटत नाही, बरं का. ती एकेक दिवसानं सुटते. आणि शाळेतून 'का रे येत नाहीस?' असं विचारायला कोणी आलंच नाही.

विचारलं ते एका निवृत्त शिक्षिकेनं. त्या स्कूटर दुरुस्तीला घेऊन आल्या होत्या.

"कितवीत आहेस रे?"

"सोडली शाळा."

"बरं. मग परत कधी जाणार?"

'का सोडलीस' असं पुष्कळांनी विचारलं होतं. 'परत कधी' हे कोणीच नाही! मला उत्तरच सुचेना.

बाईंनीच मला सतरा नंबरच्या फॉर्मबद्दल सांगितलं. तुम्हालाही माहीत असू द्या. शाळा सुटलेल्या मुलाला हा फॉर्म भरून खासगी विद्यार्थी म्हणून दहावीच्या परीक्षेला बसता येतं. रोज वर्गात जावं लागत नाही. मात्र शाळा सोडल्याचा दाखला लागतो. तो आणायला जुन्या शाळेत जायची मला इतकी लाज वाटत होती की बाई स्वतः बरोबर आल्या.

मग रोज रात्री आठला त्यांच्या ओसरीवर अभ्यास. आम्ही पाच जण होतो. एक भाजीच्या गाड्यावरचा, एक मुलगी धुणीभांडी करणारी. चहा आणि पोहे ठरलेले. बाई म्हणायच्या, "उपाशी पोटी भूमिती डोक्यात शिरत नाही."

मार्च २०१० मध्ये परीक्षा दिली. गणितात २७! मी वह्या रद्दीत द्यायला काढल्या. बाई शांतपणे म्हणाल्या, "पस्तीसला किती कमी?" "आठ." "मग आठच मार्कांचा अभ्यास राहिलाय की!" ऑक्टोबरमध्ये पुन्हा बसलो आणि सुटलो.

पण निकाल लागेपर्यंत आयटीआयचे प्रवेश होऊन गेले होते. एक वर्ष पुन्हा गॅरेजमध्ये. तुमचं नशीब बरं! २०१५ पासून दहावीची फेरपरीक्षा ऑक्टोबरऐवजी जुलैच्या सुमारास होऊ लागली, ती त्याच वर्षी पुढचा प्रवेश मिळावा म्हणूनच.

'पुढे काय करणार?' या प्रश्नावर मी 'जे मिळेल ते' म्हणायचो. बाईंना ते मुळीच चालत नसे. त्यांनी मला आयटीआयच्या वर्कशॉपच्या दारात नेऊन उभं केलं. आत लेथ फिरत होते. गॅरेजमधला तेलाचा वास तोच, पण इथे मुलांच्या हातात मापं होती, नकाशे होते. तिथेच माझं ठरलं. दोन वर्षं फिटरचा कोर्स केला. मग कळलं, की दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केला की डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला बसता येतं. तेही केलं. आज मी चिकलठाण्याच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये आहे.

एकदा मी बाईंना विचारलं, "तुम्ही आमच्यासाठी एवढं का करता?" त्या मला नागसेनवनात घेऊन गेल्या. तिथल्या वसतिगृहात राहूनच त्या शिकल्या होत्या. १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या शहरात कॉलेज सुरू केलं. तोपर्यंत मराठवाड्यातल्या मुलांना पदवीसाठी हैदराबाद गाठावं लागे. गरिबाला ते कसं जमणार? म्हणून कॉलेजबरोबर वसतिगृहंही उभी राहिली. कॉलेजला नाव दिलं मिलिंद. हा राजा भिक्खू नागसेनांना प्रश्नावर प्रश्न विचारायचा. बाई हसून म्हणाल्या, "मलाही तिथे कोणीतरी विचारलं होतं, जेवलीस का, फी भरलीस का. तेच मी तुला विचारलं."

आता ओसरीवर रविवारी मी गणित शिकवतो. पोहे अजून बाईच करतात.

तर मित्रांनो, उद्या हजेरीत एखाद्या नावाला उत्तर आलं नाही, तर नुसतं मागे वळून बघू नका. संध्याकाळी त्याच्या घरी जा. उपदेश नको, वही न्या. आणि एवढंच विचारा, "परत कधी येतोस?"

आणि ते नाव तुमचंच असेल, तर दाखला जपून ठेवा. सतरा नंबरचा फॉर्म अजून आहे, आता तो ऑनलाइन भरतात. वाट लांबची आहे खरी, पण बंद नाही. मी तिच्यावरून चालत आलोय.