साठ सेकंदांची याडी

रामनवमीच्या यात्रेला पोहरादेवीला घरी गेलो होतो. गर्दी ओसरल्यावर माळा आवरायला घेतला, तर कोपऱ्यात जुना डेस्कटॉप! भंगारात देण्याआधी आतली हार्ड डिस्क तेवढी काढून घेतली. कारण एकच. २००६ साली ताईच्या लग्नाआधी याडी, म्हणजे आमची आई, तिला ढावलो शिकवायची. सासरी निघताना नवरी एकेकाच्या गळ्यात पडून रडत गाते, तो ढावलो. मी तेव्हा हौसेनं माईक लावून बसलो होतो. याडी आता नाही.

पुण्याला येऊन एक स्वस्तातली केबल आणली. डिस्क लॅपटॉपला जोडली. ढिम्म! मग कळलं, लॅपटॉपमधल्या छोट्या डिस्कला यूएसबीतले पाच व्होल्ट पुरतात, पण डेस्कटॉपच्या साडेतीन इंची डिस्कची मोटर बारा व्होल्टवर फिरते. म्हणजे वेगळा पॉवर अडॅप्टर हवाच. शिवाय आमची डिस्क चाळीस पिनांची आयडीई, तिला साटाची केबल बसत नाही. दोन्ही चालणारा संच मागवला. जंपर मास्टरवर ठेवला, बटण दाबलं... आणि डिस्क घरघरली. तो आवाज ऐकून मी चक्क हात जोडले!

डिस्क दिसली, पण माझा फोल्डर उघडेना. परवानगी नाही म्हणे. तो जुन्या विंडोजमधल्या खात्याच्या मालकीचा होता. आपल्याच आईचा आवाज ऐकायला परवानगी! सिक्युरिटीत जाऊन मालकी स्वतःच्या नावावर केली. आधी सगळं लॅपटॉपवर उतरवलं, मगच ऐकायला बसलो.

सात फायली निघाल्या. प्रत्येक बरोबर एका मिनिटाची. एक्सपीतला साउंड रेकॉर्डर साठ सेकंद झाले की आपोआप थांबायचा. मी पुन्हा बटण दाबेपर्यंत याडी पुढे गेलेली असायची. त्यामुळे प्रत्येक ओळ मधेच तुटलेली.

ताईला फोन लावला आणि पहिली फाईल वाजवली. साठ सेकंद झाले, आवाज थांबला. मी काही बोलणार, तेवढ्यात पलीकडून ताईनं तुटलेली ओळ उचलली आणि पुरी केली. मग रडली. मग मीही.

गोरबोलीला स्वतःची लिपी नाही. आमचं सगळं तोंडातून कानात आलेलं. २०२४ च्या ऑक्टोबरात पोहरादेवीत नगाऱ्याच्या आकाराचं बंजारा संग्रहालय सुरू झालं, त्याचा अभिमान आहेच. पण माझ्या याडीचा ढावलो तिथे नाही. तो माळ्यावर धूळ खात होता, आणि उरलेला ताईच्या गळ्यात होता.

आता त्या फायलींच्या तीन प्रती आहेत. दिवाळीला ताई येईल, तेव्हा मधल्या गाळलेल्या जागा तिच्याकडून भरून घ्यायच्या आहेत. तिची मुलगी पण बसणार आहे म्हणे ऐकायला.

तुमच्या माळ्यावर आहे का एखादी डिस्क? या रविवारी काढाच.