‘पाकिस्तानात जा’ म्हणजे कसं जायचं?

गेल्या पावसाळ्यात आमच्या दहावीच्या बॅचच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी एवढंच लिहिलं होतं, की मुंबई–गोवा महामार्ग आपल्या हयातीत पूर्ण होईल असं वाटत नाही. त्यावर एकाने लिहिलं, ‘इथले रस्ते आवडत नसतील तर पाकिस्तानात जा.’ खाली हसणारे चेहरे. मग दुसऱ्या कुणीतरी गणपतीच्या गाड्यांच्या बुकिंगचा विषय काढला आणि ते तिथंच राहिलं.

लिहिणारा माणूस वाईट नाही. माझ्या बापाच्या मयतीला तो कबरस्तानापर्यंत आला होता, पावसात. म्हणूनच मी उत्तर दिलं नाही. पण मनात आलं, याला एकदा घरी बोलावून तो फॉर्म दाखवावा. पाकिस्तानात जायचा. आमच्या घरात तो फॉर्म चार वेळा भरला गेला आहे आणि एकदाच पावला आहे. ‘जा’ म्हणणाऱ्यांना कसं जायचं ते माहीत नसतं, मला ते थोडंफार माहीत आहे.

माझी मोठी खाला कराचीला होती. आम्ही मंडणगड तालुक्यातले. आमच्याकडचे पुरुष पूर्वीपासून बोटीवर, गोदीत, नाहीतर परदेशात. कराची तर परदेशही नव्हतं. सिंध 1936 पर्यंत मुंबई इलाख्यात होता. कराचीतल्या जुन्या सरकारी शाळेला नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी माणसाचं नाव आहे ते त्यामुळेच. कोकणातली पोरं मुंबईच्या गोदीत लागत तशीच कराचीच्या गोदीत लागत. फाळणी झाली तेव्हा त्यातली बरीच जिथं होती तिथंच राहिली. खालाचं लग्न 1957 साली अशाच एका चुलत नात्यातल्या मुलाशी झालं. पुढल्या वर्षी ती मुंबईहून बोटीने गेली. एकोणीस-वीस वर्षांची. माझी मा तेव्हा तेरा-चौदाची. मा सांगते की धक्क्यावर खाला रडत नव्हती, उलट मलाच दटावत होती, ‘रडतंस कित्याला, ईदला येतंय ना मी.’

तेव्हाही कागद लागतच होता. 1948 पर्यंत माणसं नुसती तिकीट काढून जात-येत. त्या वर्षी परमिट सुरू झालं, आणि ऑक्टोबर 1952 पासून पासपोर्ट आणि व्हिसा. तरी बोट होती, तोवर ईदला येणं शक्य वाटत होतं. 1965 च्या लढाईने तेही संपलं.

खाला परत आली ती 1978 मध्ये, आणि मग 1989 मध्ये. 89 चं मला नीट आठवतं, कारण मी सोळा वर्षांचा होतो आणि तिला पोलीस कचेरीत न्यायचं काम माझ्याकडे होतं.

इथं एक गोष्ट सांगायला हवी, जी बहुतेकांना ठाऊक नसते. भारत-पाकिस्तानमध्ये व्हिसा देशाचा मिळत नाही, गावाचा मिळतो. तुम्हाला मलेशियाचा व्हिसा मिळाला तर अख्खं मलेशिया फिरा. इथं कागदावर ठिकाणांची नावं लिहिलेली असतात, आणि त्याबाहेर पाऊल टाकायचं नाही. 1974 च्या करारापासून ही पद्धत आहे, दोन्ही बाजूंनी सारखीच. शिवाय पोचल्यापासून चोवीस तासांत पोलिसांकडे नोंद. निघताना पुन्हा नोंद. दुसऱ्या ठिकाणी गेलात की तिथं आल्याची, तिथून निघाल्याची. आणि तेव्हा ज्या वाटेने आलात त्याच वाटेने परत जावं लागे.

खालाच्या व्हिसावर दोन नावं होती, मुंबई आणि मंडणगड, जिल्हा रत्नागिरी. मुंबईत नोंद करून ती गावाला आली, आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीने आम्ही रत्नागिरीला निघालो. दीडशे किलोमीटरच्या आसपासचा रस्ता. वाटेत कुठेतरी गाडी लागणारच, म्हणून माने लिंबू दिलं होतं. एकतीस वर्षं कराचीत काढलेली बाई, सगळ्या वाटेने खिडकीतून झाडांची नावं घेत होती. हा फणस, हा आइन, हा किंजळ. कचेरीतला हवालदार भला होता. त्याने विचारलं, ‘मावशी, मराठी बोलता?’ खाला म्हणाली, ‘मग काय बोलणार?’

त्याच महिन्यात मामूच्या मुलीचं लग्न होतं, आंबेतजवळच्या एका गावात. आमच्या बाजूला म्हाप्रळ, मधे सावित्री, पलीकडे आंबेत. पुलावरून चालत गेलं तरी किती वेळ लागतो? पण पुलाच्या पलीकडे रायगड जिल्हा लागतो, आणि खालाच्या कागदावर रायगड नव्हतं. बापाने खूप विचार केला. कुणाला कळणार आहे, असं सगळेच म्हणत होते. शेवटी बाप म्हणाला, ‘ती उद्या परत जाईल, मग चौकशी आपल्या दारात येईल.’ खाला गेली नाही. लग्नाच्या दिवशी घरातले सगळे गेले, मी तिच्यासोबत थांबलो. ती दिवसभर तांदूळ निवडत बसली. संध्याकाळी तिच्यासाठी डब्यातून बिर्याणी आली ती तिने मला दिली.

माला आता खालाकडे जायचं होतं. एकदा तरी तिचं घर बघायचं, एवढंच. तिने हे नव्वदच्या दशकात म्हणायला सुरुवात केली आणि नेमकं तेव्हाच अवघड झालं. मुंबईतली पाकिस्तानची आणि कराचीतली भारताची, दोन्ही कॉन्सुलेट 1994 मध्ये बंद झाली. तेव्हापासून व्हिसा फक्त दिल्लीहून. नकाशा काढून बघा, मुंबईहून कराची विमानाने दिल्लीपेक्षा जवळ आहे. जवळच्या गावाला जायची परवानगी मागायला लांबच्या गावाला जायचं.

आणि फॉर्म. फॉर्मच्या प्रती, प्रत्येकीवर फोटो. जिच्याकडे जायचं तिचं पत्र, तिच्या ओळखपत्राची नक्कल, तिच्या घराचं विजेचं बिल. वीज बिल म्हणजे पत्ता खरा असल्याचा पुरावा, हे मला नंतर कळलं. माने ते बिल हातात घेऊन बराच वेळ बघितलं होतं आणि म्हणाली होती, ‘दिवे भारी जाळतात वाटतं.’ सगळ्यात नडलं ते नातं. बहीण आहे, याचा कागद आणा. खालाच्या शाळेच्या दाखल्यावर तिचं नाव ‘बी’ लावून, निकाहनाम्यावर ‘बी’शिवाय. माच्या रेशनकार्डावर आजोबांचं नाव नाही, नवऱ्याचं आहे. आमच्याकडच्या बायकांचं माहेर कुठल्या कागदावर असतं? दोघींचा एकत्र एकच फोटो होता, 78 सालचा, तो मी अर्जाला जोडायला निघालो तर एजंट हसला.

तिसऱ्या खेपेला, 2007 साली, व्हिसा मिळाला. ‘कराची’ एवढंच त्यावर. वाट मुनाबावची. थर एक्स्प्रेस आदल्या वर्षीच, फेब्रुवारी 2006 मध्ये सुरू झाली होती. ती लाइन 65 च्या लढाईत बंद पडली ती एकेचाळीस वर्षांनी उघडली. आम्ही वांद्र्याहून जोधपूरला गेलो, तिथं भगत की कोठी स्टेशनवर रात्री त्या गाडीत बसलो. आठवड्यातून एकच गाडी. डब्यात बहुतेक सिंधकडचे सोयरे असलेले राजस्थानी, हिंदूही आणि मुसलमानही. मुनाबावला सगळं सामान उतरवून तपासणी, मग सरहद्द, मग झीरो पॉइंट स्टेशनवर पुन्हा सगळं सामान उतरवून तपासणी. माच्या पिशवीत कोकम, उकडे तांदूळ, सुके जवळे आणि दोन फणसाच्या साठांची पुडकी होती. जवळ्यांच्या वासाने दोन्ही देशांच्या कस्टमवाल्यांनी ती पिशवी लगेच बंद केली. मीरपूरखास गेलं, हैदराबाद गेलं. मला हैदराबादला उतरून नुसता चहा प्यायचा होता, पण कागदावर हैदराबाद नव्हतं. आंबेतचा पूल आठवला.

कराचीत कोकण्यांची आपली सोसायटी आहे, तिचं नावच कोकण. खालाचं घर तिथून जवळ. दारात तिची नातवंडं उर्दूत बोलत होती, आणि आतून आवाज आला, ‘इलीस गो बाय?’ हा शब्द आमच्या गावात आता पोरं बोलत नाहीत. खालाची बोली 1958 सालीच थांबली होती. नंतरचे शब्द तिच्याकडे नव्हते, पण जे होते ते जसेच्या तसे. पंधरा दिवस दोघी स्वयंपाकघरातच होत्या. सांदणं, तांदळाची भाकरी, आणि कुणाकुणाच्या तक्रारी, त्यातल्या निम्म्या लोकांचं केव्हाच इंतकाल झालेलं. मी समुद्र बघितला, नोंदीसाठी पोलीस कचेरीत दोनदा जाऊन आलो. तिथला कारकून रत्नागिरीच्या हवालदाराइतकाच भला आणि इतकाच कंटाळलेला होता.

परत आल्यावर घरी चौकशीला माणूस येऊन गेला. का गेलात, कोण कोण भेटलं. नम्रपणे विचारलं त्याने, तक्रार नाही. पण गल्लीतल्या सगळ्यांनी जीप बघितली. त्यानंतर बाप म्हणाला, ‘झालं ना आता?’

माचं झालं नव्हतं. सप्टेंबर 2012 मध्ये दोन्ही देशांचा नवा व्हिसा करार झाला. पेपरात आलं, की पासष्टच्या वरच्या माणसांना आता अटारी-वाघ्याला पोचल्यावर व्हिसा मिळेल, पंचेचाळीस दिवसांचा. मा अडुसष्ट वर्षांची होती. तिने ते कात्रण कुराणशरीफच्या कपाटात, गिलाफाखाली ठेवलं. पंधरा जानेवारी 2013 ही तारीख ठरली होती. जानेवारीच्या सुरुवातीला ताबारेषेवर आपले जवान मारले गेले, आणि ती सवलत त्याच तारखेला स्थगित झाली. आमचा चौथा अर्ज त्यानंतरचा, जुन्याच पद्धतीने केलेला. त्याचं पुढे काही झालं नाही.

मग जे पुष्कळ घरांनी केलं ते आम्हीही केलं. तिसऱ्या देशात भेटायचं. काहीजण दुबईला भेटतात, आम्ही मदिनेला भेटलो. 2015 साली. माचा उमऱ्याचा ग्रुप मुंबईहून, खालाचा कराचीहून. सौदीचा व्हिसा दोघींनाही विनासायास मिळाला. तिथं कुणी विचारलं नाही की ही तुझी बहीण कशावरून. मस्जिद-ए-नबवीत बायकांच्या दाराबाहेर मी आणि खालाचा मुलगा, दोघं चपला सांभाळत उभे होतो. दोघी बाहेर आल्या तेव्हा एकमेकींच्या हाताला धरून, आणि भांडत होत्या. कशावरून, ते आम्हाला दोघींनीही सांगितलं नाही.

ती शेवटची भेट. ऑगस्ट 2019 मध्ये थर एक्स्प्रेस बंद झाली, समझौताही. खाला 2021 मध्ये गेली. इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन. जनाजा माने मोबाइलवर बघितला. नेटवर्क जात होतं म्हणून मी फोन घेऊन अंगणात उभा होतो, आणि ती माझ्या खांद्याला धरून.

नेपाळला आपण मतदार कार्डावर जातो. करतारपूरला 2019 च्या नोव्हेंबरपासून भारतातले भाविक व्हिसाशिवाय, पासपोर्टवर आणि वीस डॉलर भरून सकाळी जाऊन संध्याकाळी परत येत होते. म्हणजे मनात आणलं तर जमतं. गेल्या वर्षी, एप्रिल 2025 मध्ये पहलगामला 26 माणसं मारली गेली. नाव-धर्म विचारून मारलं, हे ऐकल्यावर आमच्या घरात त्या दिवशी कुणी धड जेवलं नाही. त्यानंतर व्हिसे रद्द झाले, अटारी बंद झाली, करतारपूरही. अशा वेळी सरकार दार लावणार हे मला कळतं. मारेकरी व्हिसा काढून, विजेचं बिल जोडून येत नाहीत, हेही कळतं. टीव्हीवर अटारीला बायका दिसत होत्या. आईचा पासपोर्ट भारताचा, पोरांचा पाकिस्तानचा; पोरं जाऊ शकतात, आई नाही. माने टीव्ही बंद करायला लावला.

आता सांगतो ते गेल्या महिन्यातलं. माच्या पासपोर्टची मुदत संपत आली होती. मी म्हटलं, कशाला, तुझं वय काय, गुडघे काय. ती म्हणाली, असू दे घरात. मग नवा अर्ज, फोटो, अंगठे, आणि शेवटी पोलीस पडताळणी. एक तरुण शिपाई घरी आला. चांगला मुलगा होता, चहा घेतला, कागद बघितले, सही घेतली. उठता उठता सहज म्हणाला, ‘आजी, आता कुठं निघाला?’

मा म्हणाली, ‘कराचीला. बहिणीच्या कबरीवर.’

मी हसलो आणि घाईघाईने म्हणालो, ‘उमऱ्याला हो. उमऱ्याला जायचंय तिला. वय झालंय, काहीही बोलते.’

तो गेला. मा माझ्याकडे बघत होती. मग उठली आणि चहाचा कप आत घेऊन गेली.