तो तिकडे, ती इकडे

सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ उभं केलं, तेव्हा पात्रं गात नव्हती. पदं सूत्रधार म्हणायचा आणि पात्रं त्याचा धागा धरून आपल्या मनाने भाषणं करायची. भाव्यांनी पुढे रामायणातली आणखी आख्यानं लावली. सीता अशोकवनात असो, राम समुद्राच्या अलीकडे असो. तिचा आकांत आणि त्याची तळमळ निघायची त्या एकाच गळ्यातून. ताटातूट झालेल्या दोघांना इतकं जवळ पुढे कुठल्याच नाटककाराने आणलं नाही, असं मला वाटतं.

अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये ‘शाकुंतल’ आणलं आणि ज्याचं पद त्याच्या तोंडी दिलं. गाणं रसाळ झालं, पण माणसं लांब गेली. १८८२ चं ‘सौभद्र’ घ्या. अर्जुन तीर्थयात्रेत, सुभद्रा द्वारकेत, आणि बलरामाने तिचं लग्न दुर्योधनाशी ठरवलेलं. दोघंही झुरतात, दोघंही गातात. पण त्याचं गाणं त्याच्या प्रवेशात, तिचं तिच्या. एकाच वेळी रंगमंचाच्या दोन टोकांना उभं राहून त्यांनी एकमेकांच्या ओळी उचलल्या, असं घडत नाही.

याला कारणं अगदी व्यवहाराची. रंगवलेला पडदा एका वेळी एकच जागा दाखवणार: अरण्य तरी किंवा राजवाडा तरी. शिवाय पद बांधलेलं असायचं रागात, पुष्कळदा एखाद्या चिजेवर. गायकनट आलापी, ताना घेत ते फुलवणार, वन्समोर घेणार. दुसऱ्याने तोवर काय करायचं? पुढे स्त्रियांच्या भूमिका स्त्रियाच करू लागल्या, तेव्हा पट्टीचाही प्रश्न आला. तिचा षड्ज वेगळा, त्याचा वेगळा; दोघांना एका सुरात बसवायचं तर एकाचा तरी गळा अवघडणार.

ही अडचण मला मात्र मानवते. विरहात दोघांचं दुःख एका तालात का चालावं? साताऱ्याजवळच्या रहिमतपुरात जन्मलेल्या वसंत कानेटकरांनी १९६४ च्या ‘मत्स्यगंधा’त पराशराला आणि सत्यवतीला स्वतंत्र पदं दिली. चाली जितेंद्र अभिषेकींच्या. रामदास कामत आणि आशालता गायले. तो गातो तेव्हा ती गात नाही, ती गाते तेव्हा तो गात नाही. दोघांची गाठ पडते ती प्रेक्षागृहात, पाचव्या-सहाव्या रांगेत बसलेल्या माणसाच्या कानात.

आमच्या घरात हे वेगळ्या तऱ्हेने चालायचं. एक आत्या साताऱ्यात यादोगोपाळ पेठेत, दुसरी सांगलीच्या गावभागात. आकाशवाणी सांगलीवर नाट्यसंगीत लागलं की दोघी आपापल्या ओट्यापाशी गुणगुणायच्या. साताऱ्यात खरखर जास्त, त्यामुळे थोरलीचे शब्द हमखास चुकायचे. सूर धाकटीचा कच्चा. मधलं अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. साताऱ्याजवळच्या माहुलीवरून गेलेलं कृष्णेचं पाणी सांगलीला पोचतं, एवढाच त्यांच्यातला नेमाने चालणारा व्यवहार. पत्राचा दोघींनाही कंटाळा.

८ जुलै १९२१ चा ‘संयुक्त मानापमान’ मला या बाबतीत फार चमत्कारिक वाटतो. सांगलीच्याच खाडिलकरांचं नाटक, टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत झालेला प्रयोग. एरवी आपापल्या मंडळीत गाणारे बालगंधर्व आणि केशवराव भोसले भामिनी आणि धैर्यधर म्हणून समोरासमोर आले. लोकांनी रसिकपणाने ऐकलं आणि कुस्तीसारखं मोजलंही. ऑक्टोबरात केशवराव गेले. प्रयोगाच्या रात्री पदं ज्याची त्यानेच म्हटली, तरी बोललं जातं ते दोघांच्या गाण्याबद्दल एकदमच.

तिकडे अमेरिकेत १९५७ च्या ‘वेस्ट साइड स्टोरी’ या संगीत नाटकात पाच बाजूंचे लोक पाच ठिकाणांहून एकाच वेळी, एकमेकांवर चढत गातात. दिव्यांनी जागा वाटून घेतल्या की भिंती लागत नाहीत. आपल्याकडे सांगलीच्या भावे नाट्यमंदिरात किंवा साताऱ्याच्या शाहू कलामंदिरात कुणी ‘सौभद्र’ असं बसवलं, डावीकडे अर्जुन आणि उजवीकडे सुभद्रा, तर मी तिकीट काढून जाईन. वन्समोर नक्की कुणाला द्यायचा, हे मात्र आधी ठरवून ठेवा.