आकाशातला हवालदार

हवालदाराची एक गोष्ट मला फार आवडत असे. तो येतोय, हे कळायचं. रात्री फरसबंदीवर दंडुका आपटत त्याची गस्त चालायची. चोरांना पळायला वेळ मिळायचा आणि आपल्याला 'कोणीतरी जागं आहे' म्हणून कूस बदलून झोपता यायचं. शिवाय त्याच्या छातीवर बिल्ला असे. गाऱ्हाणं करायचंच झालं तर कोणाविरुद्ध, हे ठाऊक असायचं.

ड्रोनचं तसं नाही. 2020 च्या टाळेबंदीत तो आमच्या गच्चीवर घिरट्या घालू लागला, तेव्हा तिथे होतं काय? आमच्या सौ.चे उडदाचे पापड आणि उघड्या अंगाने ऊन खात बसलेले शेजारचे नाना. जमाव म्हणावा तर तो पापडांचाच! नाना टॉवेल गुंडाळून धावत खाली आले नि म्हणाले, "अहो, त्याने फोटो काढला असेल तर तो परत मागायचा कोणाकडे?"

मग नानांसाठी मी 'ड्रोन नियम, 2021' वाचले. वाचताना वाण्याच्या दुकानात उभं असल्यासारखं वाटतं. 250 ग्रॅमपर्यंत नॅनो, 2 किलोपर्यंत मायक्रो, 25 किलोपर्यंत स्मॉल. हिरव्या पट्ट्यात 400 फुटांपर्यंत मोकळीक. नियम मोडल्यास 1 लाखापर्यंत दंड. भूदल, नौदल, हवाई दल यांना हे नियम लागू नाहीत. पोलिसांचं नाव मात्र त्या सवलतीत नाही. "शाब्बास!" नाना म्हणाले. पण पुढे ऐकून गप्प झाले. ड्रोनचं वजन किती नि उंची किती, हे सगळं आहे. त्याची नजर किती, हे कुठेच नाही. टिपलेलं चित्र कोणी पाहावं, किती दिवस ठेवावं, याबद्दल अवाक्षर नाही.

तसं 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या 9 न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलंय की, खासगीपण हा मूलभूत हक्क आहे. सरकारला त्यात डोकवायचंच असेल तर कायद्याचा आधार हवा, रास्त कारण हवं आणि डोकावणं त्या कारणाच्या मापाचं हवं. पण हे माप गच्चीवर घेणार कोण?

अमेरिकेतही हा घोळ झालाच. फ्लोरिडात पोलिसांनी 400 फुटांवरून हेलिकॉप्टरमधून एकाच्या हरितगृहात डोकावून गांजा पाहिला. 1989 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, याला वॉरंट लागत नाही. त्याच फ्लोरिडाने 2013 मध्ये कायदा केला की, ड्रोनने पुरावा गोळा करायचा तर, काही अपवाद सोडून, आधी वॉरंट आणा. शहाणपणाला चोवीस वर्षं लागली, पण आलं.

माझं ड्रोनशी वैर नाही. विसर्जनाच्या गर्दीत हरवलेलं पोर किंवा पुरात छपरावर अडकलेलं कुटुंब त्याला आधी दिसलं, तर मी त्याला ओवाळीन. पण ठाण्यात बारीकसारीक गोष्टींची स्टेशन डायरी असते, तशी एक आकाशाचीही असू द्या ना! कधी उडाला, कशासाठी, काय टिपलं, कधी पुसलं. आणि नानांनी मागितली तर ती त्यांना दाखवावी.

तोवर नाना सदऱ्याची वरची गुंडीसुद्धा लावून ऊन खातात.