नळदुर्गच्या वाटेवरचा हवालदार

माकणी,
ता. लोहारा, जि. धाराशिव

चि. भाचेबुवांस,

तुझा निरोप मिळाला. गावातली पोरं ग्रामपंचायतीसमोर सैनिकांसाठी स्मारक उभारायचं म्हणतात, आणि फलकावरचा मजकूर मामांकडून लिहून घ्या, असं तूच त्यांना सांगितलंस. परवा दोघं येऊन गेले. मोबाइलमध्ये नमुना तयारच होता. वर तिरंगा, मधे उलटी बंदूक, तिच्यावर शिरस्त्राण, खाली 'वीर जवान अमर रहे'. मी म्हटलं, चांगलं आहे, पण कोणता जवान? दोघंही एकमेकांकडं बघायला लागले.

त्यांना तरी काय बोलायचं! साताऱ्याकडं हा प्रश्नच येत नाही. अपशिंग्याचं नाव तू बेळगावला ट्रेनिंगला असताना ऐकलंच असशील. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण कामी आले. गावाच्या नावापुढं 'मिलिटरी' लागलं ते आजतागायत निघालेलं नाही. आपल्याकडं निजामाचं राज्य. इंग्रजांच्या मराठा पलटणींत भरती व्हायची ती सातारा, रत्नागिरी या पट्ट्यात. आपल्या घरात तर तुझ्या कसम परेडच्या आधी वर्दी कुणाच्या अंगाला लागलेली नव्हती. आता भरतीच्या तयारीला पहाटे डांबरी सडकेवर पळणारी पोरं दिसतात, ती अलीकडची गोष्ट. आपला मुलूख बराच काळ फौजेला माणसं देणारा नव्हता. फौज आपल्यासाठी आली होती. म्हणून आपल्या फलकावरचं पहिलं नाव गावातलं नसणार, हे मी पोरांना सांगितलं. ते त्यांना फारसं रुचलेलं दिसलं नाही.

पहिलं नाव हवालदार बचित्तर सिंग यांचं. पंजाबातला, लुधियाना जिल्ह्यातला माणूस, दुसऱ्या शीख पलटणीतला. १३ सप्टेंबर १९४८च्या पहाटे सोलापूरकडून फौज हैदराबाद संस्थानात शिरली, तेव्हा नळदुर्गच्या दिशेनं निघालेल्या कंपनीत सगळ्यांत पुढची प्लाटून त्यांची होती. समोरून दोन गाड्या भरधाव आल्या. गोळीबार करून त्यांनी त्या अडवल्या, आतल्यांना ताब्यात घेतलं. पुढं एका मोक्याच्या ठिकाणाहून लाइट मशिनगन सुरू झाली आणि कंपनी जागच्या जागी खिळली. बचित्तर सिंग सरपटत पुढं निघाले. मोर्चा तीसेक यार्डांवर राहिला असताना मांडीत गोळ्या घुसल्या. तरी तसेच सरकत गेले आणि दोन हातबाँब टाकून ती मशिनगन बंद पाडली. मग मागं नेऊ म्हटलं तर नको म्हणाले. तिथंच पडून आपल्या माणसांना पुढं व्हा म्हणत राहिले, आणि गेले. वय ३१.

चारच दिवसांनी, १७ सप्टेंबरला निजाम शरण आला. मुक्तिदिनाला तू शाळेत असताना भाषणं ठोकायचास, त्यात स्वामी रामानंद तीर्थ असायचे, सरदार पटेल असायचे. असायलाच हवेत. या हवालदाराचं नाव मात्र मी कुठल्याच पोराच्या भाषणात ऐकलं नाही. सरकारदरबारी त्या मोहिमेची नोंद 'पोलीस कारवाई' अशी झाली, त्यामुळं सन्मान परमवीर चक्राचा नाही, अशोक चक्राचा. १९५२ साली तो सन्मान सुरू झाला आणि १५ ऑगस्ट १९४७पासून लागू धरला गेला. तो ज्या पहिल्या मोजक्यांना मिळाला, त्यांत हे एक. आणि आपण पावसाळ्यात नळदुर्गला जातो ते नर-मादी धबधबे बघायला, पाणी महालासमोर फोटो काढायला.

एक गोष्ट मात्र तू वर्दीत आहेस म्हणून तुला स्पष्ट सांगतो. रझाकारांच्या छळानं माणसं घरंदारं टाकून सोलापूरकडं पळाली, हे खरं. फौज आली म्हणून ती परतली, हेही खरं. पण त्यानंतरच्या दिवसांत या भागात निरपराध मुसलमानांच्या कत्तली झाल्या, आणि पंडित सुंदरलाल यांच्या समितीनं सर्वांत जास्त झळ बसलेल्या जिल्ह्यांत आपला जिल्हा नोंदवला. नळदुर्गला निजामाच्या फौजेतले जे शिपाई पडले, तेही कुणाची तरी पोटची लेकरंच. मुक्तिदिनाच्या भाषणात यातलं काही येत नाही. पण हात जोडायला उभं राहायचं तर पुरतं आठवून उभं राहावं. मेलेल्याला पाणी देताना तो कोणत्या बाजूचा होता, हे आपल्याकडं विचारत नाहीत.

दुसऱ्यांदा फौज आली ती ३० सप्टेंबर १९९३ला. तुझा जन्म नव्हता. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून लोक झोपले आणि पहाटे चारच्या सुमाराला भूकंपात सास्तूर, किल्लारी आणि आसपासची गावं जमीनदोस्त झाली. वरून पाऊस. दगडमातीच्या जाड भिंतींखालून जवानांनी माणसं काढली, जिवंत थोडी, मढी जास्त. तोंडाला फडकी बांधून त्यांनीच सरणं रचली. कोण कुठले होते, कुणाला विचारायला सुचलं नाही. यातलं एकही नाव माझ्याकडं नाही, त्यामुळं फलकावर तारीख आणि 'लष्कराचे जवान' एवढंच येईल.

आता तू विचारलेला दुसरा प्रश्न. स्मारक झालं, पुढं काय? दर वर्षी हार घालायचा, लाउडस्पीकरवर गाणी लावायची आणि संपलं? अरे, आपल्याकडं याची रीत फार जुनी आहे. पितरपाखात अमावास्येच्या आदल्या दिवशीची जी चतुर्दशी, ती शस्त्रानं मेलेल्यांची. दिनदर्शिकेत बघ, 'शस्त्रादिहत पितृश्राद्ध' असं छापलेलं असतं. ज्याच्या घरात असा कुणी नाही, तो त्या दिवशी निखाऱ्यावर आगारी टाकत नाही. मी पोरांना म्हटलं, सबंध गावानं टाकावी. भीष्माष्टमीचंही तसंच. माघ शुद्ध अष्टमीला भीष्मांचं तर्पण असतं. रणात पडलेला म्हातारा, मागं मूलबाळ नाही, म्हणून त्याला पाणी सगळ्यांनी द्यायचं. पोटचं कुणी नसलेल्याचं ऋण सगळ्यांनी वाटून घ्यायचं, असा हा सरळ हिशेब. तो आपण पोथीत ठेवून दिलाय.

वीरगळांचं तर विचारूच नकोस. आपल्या मराठवाड्यात कुठल्याही जुन्या देवळाशी जा, एखादा सापडतोच. खालच्या पट्टीत लढाई, मधे अप्सरा पडलेल्या वीराला घेऊन निघालेल्या, वर तो महादेवाच्या पिंडीपुढं हात जोडून बसलेला, माथ्यावर चंद्रसूर्य. चंद्रसूर्य असेतोवर याची आठवण राहावी, असा त्याचा अर्थ. आठवण राहिली खरी. लोक शेंदूर फासतात, तेल ओततात, नारळ फोडतात. पण कुणासाठी, हे कुणालाच ठाऊक नाही. बहुतेक दगडांवर नाव कोरलेलंच नाही.

असं फक्त खेड्यांत होतं, असंही नाही. इराकमधल्या बसऱ्याचं स्मारक बघ. पहिल्या महायुद्धात तिकडं मेलेल्यांसाठी इंग्रजांनी १९२९ साली उभारलं. तिकडच्याच कूतच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी अडकल्या होत्या, म्हणजे तुझ्याच रेजिमेंटचे पूर्वज. स्मारकावर इंग्रजांची नावं आली, हिंदी अंमलदारांची आली. साध्या हिंदी शिपायांची मात्र पलटणवार नुसती संख्या. घोड्यांची नोंद करावी तशी. २०२१ साली ब्रिटिश सरकारनं त्याबद्दल माफी मागितली, तोवर त्या शिपायांची नातवंडंही म्हातारी झाली होती. म्हणून मजकुरात 'अमर रहे' कापून टाकलंय. नाव, पलटण, तारीख, जागा. बस्स. पोरांना बंदूक ठेवायचीच असली तर ठेवू देत.

त्यांना आणखी एक काम लावून दिलंय. आजूबाजूच्या गावांतले म्हातारे माजी सैनिक आपण १५ ऑगस्टला बोलावतो, शाल-नारळ देतो, फोटो काढतो. आणि पेन्शनसाठी दरसाल हयातीचा दाखला द्यायची वेळ आली की तोच माणूस कुणा नेट कॅफेवाल्यापुढं दोन-दोन तास ताटकळत बसतो, कारण आता सगळं ऑनलाइन आणि बोटांचे ठसे काही उमटत नाहीत. ज्या मोबाइलमध्ये स्मारकाचा नमुना आहे, तोच घेऊन या म्हाताऱ्यांच्या घरी जा म्हटलं, बसून दाखला भरून द्या. ७ डिसेंबरला ध्वजदिन असतो, १९४९पासून. त्याचा निधी नुसता शाळेतल्या पोरांकडून गोळा करण्यापेक्षा ग्रामसभेत डबा फिरवा. याला मात्र दोघं लगेच हो म्हणाले.

आता तुझं काम. बचित्तर सिंग शीख होते. चतुर्दशीची आगारी आपण आपल्या रीतीनं टाकू, पण त्यांच्यासाठी त्यांच्या धर्मातली प्रार्थनाही व्हावी असं मला वाटतं. त्यांच्या रोजच्या अरदासमध्ये धर्मासाठी शिर दिलेल्यांची, करवतीनं चिरले गेलेल्यांची आठवण काढतात आणि सगळी संगत एका सुरात 'वाहेगुरू' म्हणते. रोज! आपण वर्षातून दोनदा हार घालतो. नांदेडचं हजूर साहिब मराठवाड्यातच आहे, गुरू गोविंदसिंगजींचं अखेरचं ठिकाण. तिथल्या कुणा ग्रंथींना १३ सप्टेंबरला बोलावता आलं तर फार बरं होईल. त्यासाठी काय रीतसर करावं लागतं, तुझ्या ओळखीत कुणी शीख जोडीदार असेल तर त्याच्याकडून विचारून घे. बचित्तर सिंग यांचं नाव गुरुमुखीत कसं लिहितात, तेही त्याच्याकडून कागदावर लिहून घे आणि फोटो काढून पाठव. दगडावर कोरायचंय, काना-मात्रा चुकायला नको. आपल्या देवनागरीत मी लिहिलंय ते बरोबर आहे ना, हेही एकदा बघून घे.

धरणात पाणी बरं आहे. सोयाबीन काढून झालं. तुझी आई तुळजापूरला जाऊन आली, ओटी भरली, तुझ्या नावानं अंगारा आणलाय. फोन मात्र मला नको, आधी तिला कर.

तुझा,
मामा